पोटाच्या मापाची कात्री

मी कात्री. मला तोंड एक आणि जिभा दोन, तेव्हा मी बोलले की कुणाला तरी लागणारच. लागलं तर रागावू नका. कापणं हा माझा स्वभाव. पण कुठं कापायचं ते मी कधीच ठरवलं नाही.

माझा जन्म मेरठचा. ओझ्याखाली तुटलेली, ट्रकच्या चाकावरची पोलादी कमान होती, तिच्या तुकड्यातून मला काढलं. भट्टीत लाल केलं, ऐरणीवर टाकलं आणि दोघा जणांनी आळीपाळीनं हाणलं. बाळ जन्मलं की पाठीवर थोपटतात; मला घणानं थोपटलं. मग माझं दुसरं पातं, म्हणजे माझी जुळी बहीणच म्हणा, माझ्या छातीवर ठेवलं आणि आरपार खिळा ठोकला. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींवर घासत जगतो. मधे जे येईल त्याचे दोन तुकडे.

काशीत आले ती प्रेमलाच्या हातात. प्रेमला म्हणजे दत्तात्रेयगुरुजींची बायको. बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला, एका चिंचोळ्या गल्लीत पहिल्या मजल्यावर यांचं बिऱ्हाड. गुरुजी जवळच्या देवळात पुजारी, सोवळ्याला कडक. मुलगा देवदत्त बँकेत. घरात मराठी बोलायचा, चिडला की हिंदी. आणि प्रेमला खिडकीत बसून गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या, झंपर शिवायची.

तिचा एक रिवाज होता. बाई पहिल्यांदा आली की तिचं माप घ्यायचं, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून नमुना कापायचा आणि खिळ्याला टांगायचा. पुन्हा माप नाही. जन्मभर त्याच नमुन्यावर चोळी. कुणी म्हणालं, "प्रेमलाताई, काखेत काचतंय हो," तर ही म्हणायची, "मग कचोऱ्या कमी खा. माझा नमुना चुकत नाही." बायका हसायच्या आणि घट्ट चोळी घालून जायच्या.

गणपतीनं दूध प्यायलं, त्या सालच्या चैत्रातली गोष्ट. काशीत म्हणतातच, रांड, सांड, सीढी, संन्यासी, यांच्यापासून वाचेल त्यानंच काशी सेवावी. गुरुजी गंगेवरून न्हाऊन येत होते. ओलं सोवळं, हातात भरलेला तांब्या, कुणाचा स्पर्श नको म्हणून भिंतीला लागून चाललेले. गल्लीच्या तोंडाशी दोन सांड भिडले. लोक ओरडले, "गुरुजी, हटिये! हटिये!" हटायचं तर समोरच्या दारात शिरायला हवं होतं. त्या दारात धोबीण गाठोडं घेऊन उभी. गुरुजी एक क्षण थबकले. शिवेल म्हणून थबकले. हरलेला सांड उलटा फिरून धावत आला आणि त्यानं त्यांना दगडी भिंतीवर टाचणीनं कागद टोचावा तसं टोचलं.

प्रेमला खिडकीत होती. ती किंचाळली आणि हातात होतं ते तिनं फेकलं. हातात होते मी. मी सांडाच्या वशिंडावर आपटले, त्यानं मान झटकली, शिंग बाहेर आलं, आणि शिंगाबरोबर गुरुजींच्या पोटातलं जे दिसू नये ते बाहेर आलं. मी खाली पडले. त्यांचं रक्त माझ्यावरून वाहत गेलं, ऊन ऊन. गंगेचा तांब्या गडगडत पायरीशी जाऊन थांबला. धोबिणीनंच गाठोड्यातलं धोतर ओढून त्यांच्या पोटावर दाबून धरलं. तेव्हा कोण कुणाला शिवलं ते कुणी विचारलं नाही.

इस्पितळात जीव वाचला. डॉक्टरांनी फाटलेलं आतडं शिवलं, आणि शिवण पक्की होईस्तोवर तिच्यावरून मैला जायला नको म्हणून वरचं लहान आतडं पोटाला भोक पाडून बाहेर काढून ठेवलं. बेंबीच्या उजव्या अंगाला लालबुंद, ओलं, ओठ मुडपल्यासारखं एक तोंड. त्यातून दिवसरात्र पातळ पाणी वाहायचं. त्यावर पिशवी लावायची. पिशवीच्या मागं चिकट चकती असते. त्या तोंडाच्या मापाचं भोक चकतीला पाडायचं आणि कातडीवर चिकटवायची.

डॉक्टर हिंदीत म्हणाले, "पंडितजी, तीन-चार महिने. आसपास की चमड़ी साफ रही, तो अंदर डालकर टाँके लगा दूँगा. चमड़ी गल गई, तो मैं हाथ नहीं लगाऊँगा."

तिथं नंदा म्हणून नर्स होती. नागपूरची, नवरा रेल्वेत. ती प्रेमलाला म्हणाली, "काकू, नीट ऐका. आता हे सुजलेलं आहे. सूज उतरेल तसं हे लहान होत जाईल. दर आठवड्याला नव्यानं मापा, भोक लहान करत जा. कातडी उघडी राहिली तर ते पाणी तिला खाईल. अन्न जिरवणारं पाणी आहे ते. त्याला भात काय आणि कातडं काय, सारखंच."

प्रेमला म्हणाली, "मुली, माझ्या हातात कात्री आली तेव्हा तू लंगोटात होतीस. मला मापं शिकवतेस?"

घरी आल्या दिवशी तिनं त्या तोंडाचं माप घेतलं, पुठ्ठ्याचा नमुना कापला आणि खिळ्याला टांगला. इतर बायकांच्या चोळ्यांशेजारी.

गुरुजी देवळात पाऊल टाकेनात. म्हणाले, "पोटावर उकिरडा बांधून गाभाऱ्यात जाऊ? हे बुजल्याशिवाय नाही. आणि बुजलं नाही, तर गंगेला पायऱ्या काय कमी आहेत?" प्रेमलाच्या हातातली फुलवात खाली पडली. त्या दिवसापासून ते घाटाकडच्या जिन्यावर निघाले की तिचे कान पावलं मोजत मागं जायचे. तिच्या डोक्यात एकच: हे बुजलं पाहिजे. बुजलं तर माणूस राहील.

पण घरातली देवपूजा त्यांनी सोडली नव्हती. आणि चिकटवलेली, मैल्याची पिशवी अंगावर ठेवून देवाला शिवायचं कसं? म्हणून रोज सकाळी अंघोळीआधी ते चकती ओढून काढायचे. नंदानं सांगितलं होतं, चकती चार-पाच दिवस राहू द्या, काढताना ओली करून हळू काढा. हे एका हिसक्यात ओढायचे. चर्रर्र आवाज यायचा. कापड फाडल्याचा आवाज मला जन्माचा ओळखीचा. पण हा कापडाचा नव्हता.

मग तिथं फडकं दाबून, दात खाऊन पूजा. पूजा झाली की प्रेमला नवी चकती घ्यायची, नमुना ठेवायची, मला फिरवायची आणि लावायची. भोक रोज तेवढंच. आतलं तोंड मात्र सुकत, आकसत चाललेलं. आधी भोवती सूतभर कातडी उघडी पडली, मग अर्धं बोट. पाणी तिथं साचायचं. लाल झाली, मग ओली झाली, मग भाजलेल्या वांग्यासारखी सालपटं सुटायला लागली. प्रेमलानं हळद-तूप लावलं. तुपावर चकती कशी टिकणार? जेवणाच्या, झोपेच्या मधेच ती सुटायची.

आणि जेवण तरी किती! इस्पितळातून आले ते काटकीसारखे, म्हणून प्रेमलानं तूप, रबडी, शिरा यांचा मारा चालवला. लाजेनं बाहेर जायचं नाही, दिवसभर पाटावर मांडी घालून बसायचं आणि खायचं. ज्येष्ठ-आषाढात पोट सुटलं. प्रेमला शेजारणीला म्हणायची, "आता कसे भरलेत बघा!" भरले होते खरे. पोटाला वळ्या पडल्या होत्या, आणि ते तोंड दोन वळ्यांच्या मधोमध.

घरात रोज रणधुमाळी. "तुझ्या हाताला वळण नाही! चोळ्या शिवणारी मेली!" असं म्हणत त्यांनी एकदा तांब्या भिरकावला. तो तिच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आपटला, गिलावा पडला.

ती कमी नव्हती. "आणि तुम्ही कातडं सोलताय ते? खाटीक बरा, तो आधी मारतो तरी!"

"देवाला शिळ्या अंगानं शिवू?"

"मग शिवू नका! देव काय तुमच्यावाचून उपाशी राहतोय?"

गल्लीतले दूधवाले थांबून ऐकायचे. देवदत्त कान लाल करून बँकेत निघून जायचा. जाताना म्हणायचा, "आप लोग एक दिन एक-दूसरे को मार डालोगे." चिडला होता ना, म्हणून हिंदी.

श्रावणात डॉक्टरांकडे नेलं. चकती कापावी लागेल म्हणून प्रेमलानं मलाही आपल्या हातातल्या पिशवीत टाकलं होतं. नंदानं आधी वजन केलं. काटा बघून तिनं भुवया उचलल्या. मग टेपनं कंबर मापली: उभं राहून एकदा, झोपवून एकदा. झोपले तेव्हा पोट सपाट, सगळं बरं दिसत होतं. मग ती म्हणाली, "गुरुजी, घरी बसता तसे बसा. मांडी घाला."

त्यांनी मांडी घातली. वरची वळी खालच्या वळीवर आली आणि ते तोंड मधे गडप झालं. जखमेवर जखम दुमडली. गुरुजींच्या तोंडून शिवी निघाली. गुरुजींच्या तोंडून निघू नये अशी.

नंदा म्हणाली, "काकू, आपण यांना झोपवून मापलं. हे दिवसभर बसतात. झोपलेल्या पोटाची चकती बसलेल्या पोटावर कशी टिकेल? आणि हे भोक बघा. आतलं तोंड राहिलंय एवढंसं, भोक केवढं! मापलं होतं कधी?"

प्रेमलानं त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. तिला खिळ्यावरचा पुठ्ठा डोळ्यांपुढं दिसला असणार.

डॉक्टरांनी दुरूनच बघितलं. "कच्चे माँस पर टाँका नहीं टिकता, पंडितजी. वजन उतारिए, चमड़ी सुधारिए. फिर आइए."

गुरुजी घरी येईस्तोवर घाटाच्या पायऱ्यांकडेच बघत होते. प्रेमलानं रात्रभर जिन्याच्या दाराला आतून कडी घातली आणि दाराशी आडवी झाली.

सकाळी उजाडलं, ऊन खिडकीत आलं. गुरुजींनी चकती ओढली. या वेळी तिच्याबरोबर कातडीची पट्टीच आली. तरी अंघोळ केली, कद नेसले, देवापुढं बसले. संकल्प सोडायला पळी उचलली आणि त्या तोंडातून पिवळं पाणी उसळून फडक्याबाहेर आलं, कदावरून, मांडीवरून पाटावर. पाटावरून देवाच्या ताम्हनाकडे.

ते ओरडले. सांडानं हाणलं तेव्हाही असे ओरडले नव्हते. उठले, शिवणाच्या खोलीत आले आणि त्यांनी मला उचललं.

डाव्या हाताच्या चिमटीत त्यांनी ते लाल तोंड धरलं आणि बाहेर ओढलं. उजव्या हातानं मला उघडलं. माझ्या दोन पात्यांच्या मधे ते आलं. मऊ, ऊन, ओलं, तान्ह्याच्या ओठासारखं. त्याला दुखत नाही म्हणतात. कापलं तरी कळत नाही, नुसतं रक्त जातं. ते थरथरत होतं. माझी पाती मिटायला निघाली. मी काय करणार? मिटवणारा हात गुरुजींचा.

आणि मधे प्रेमलाचा हात आला.

तिनं आख्खा पंजा माझ्या जबड्यात घातला. मी तळव्यात आणि पंज्याच्या पाठीत शिरले, दोन बोटांच्या मुळाशी काहीतरी दोरीसारखं ताणलेलं होतं, ते तटकन तुटलं. गुरुजी थांबले नाहीत. डोळे मिटून दाबत होते. ती हात काढेना.

"दाबा!" ती म्हणाली. ओरडली नाही, म्हणाली. "दाबा की! आधी माझी बोटं पडू देत, मग तुमचं आतडं."

त्यांनी डोळे उघडले. माझ्यावरून तिचं रक्त त्यांच्या मनगटावर, कदावर गळत होतं. त्यांनी मला जिवाच्या आकांतानं फेकलं. मी दगडी फरशीवर आपटले, माझं एक टोक तुटून पलंगाखाली गेलं.

देवदत्त धावत आला. "बाबा! ये क्या कर रहे हैं आप?" त्यानं बापाला मागून कव घातली. कवेत बाप धडपडत होता, भिंतीवर डोकं आपटत होता. "सोड मला! हे कापून टाकू दे! गंगेत जाऊ दे!"

प्रेमला फरशीवर बसली होती, पदरात हात गुंडाळून. पदर लाल होत चाललेला.

"जा," ती म्हणाली. "पण त्याआधी मला एक सांगा. शास्त्र तुम्ही शिकलात, मी नाही. अंगातून रक्त वाहत असलं तर देवाला शिवायचं नाही, हे यजमानांना कोण सांगतं?"

गुरुजी धडपडायचे थांबले.

"बोला ना! खरचटलं तरी पूजेवरून उठवता तुम्ही लोकांना. आणि स्वतः? रोज सकाळी स्वतःच्या हातानं कातडं सोलताय, रक्त काढताय, आणि त्याच रक्तानं देवापुढं बसताय. मैला म्हणे विटाळ! आणि हे काय, चंदन?"

त्यांनी आपल्या मनगटावरचं तिचं रक्त बघितलं. मग ते देवदत्ताला म्हणाले, "मला सोड. आईला इस्पितळात ने." आणि मग, खाली बघत, "मी जात नाही कुठं."

प्रेमलाच्या हाताला टाके पडले. दोन बोटं वाकडीच राहिली, पुन्हा सरळ झाली नाहीत. हात महिनाभर बांधलेला. चकती कापणार कोण? देवदत्ताला बघूनच उलटी यायची.

तेव्हा गुरुजींनी मला पलंगाजवळून उचललं. तुटक्या टोकाची, तशीच. खिळ्यावरचा पुठ्ठा काढून चुलीत घातला. पाटावर मांडी घालून बसले, पुढ्यात आरसा ठेवला, एका हातानं वळी वर उचलून धरली आणि बसल्या बसल्या ते तोंड मापलं. इतके महिने त्यांनी त्याच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. पहिलं भोक वाकडंतिकडं कापलं. प्रेमला उंबऱ्यावरून म्हणाली, "शहाणे! चोळ्या शिवणारीला नावं ठेवत होतात!" त्यांनी दुसरी चकती घेतली. वळीच्या खोलगट जागी भरायला नंदानं कसलीशी मऊ लुगदी दिली होती, ती बोटानं दाबून बसवली. वर चकती. आणि ती तशीच राहू दिली. पूजा देवदत्तानं केली, मंत्र चुकत चुकत. हे भिंतीशी बसून दुरुस्त करायचे. मधेच चिडून उठायचे, दार आपटायचे, परत येऊन बसायचे. स्वभाव काय एका दिवसात जातो?

रबडी बंद झाली. पहाटे ते घाटावर चालायला लागले, धोतराखाली पिशवी बांधून. भोसले घाट, तिथून पुढं मुन्शी घाटापर्यंत, परत. पहिल्या दिवशी प्रेमला बांधलेल्या हातानं मागोमाग गेली. पाण्याच्या पायरीशी ते थांबले की तीही थांबायची. ते वळून म्हणाले, "अगं, पाळत ठेवतेस?" ती म्हणाली, "हो." मग दोघं चालायला लागले.

दर आठवड्याला नवं माप. पोट उतरत गेलं, वळी सैल झाली. सोललेली कातडी आधी कोरडी झाली, मग तिच्यावर तलम साल आली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. कार्तिकात डॉक्टरांनी बोट दाबून बघितलं आणि तारीख दिली.

मार्गशीर्षातली ती सकाळ. मी प्रेमलाच्या पिशवीत होते, शेवटची चकती कापायला. गुरुजींनी इस्पितळातही पहाटे अंघोळ, संध्या उरकली होती आणि बजावलं होतं, आत नेईपर्यंत मला कुणी शिवू नका. हिरव्या अंगरख्यात स्ट्रेचरवर पडले होते. प्रेमला दोन हात लांब उभी.

"इकडे ये," ते म्हणाले.

"सोवळ्यात आहात."

"ये म्हणतो ना."

त्यांनी तिचा उजवा हात धरला, वाकड्या बोटांचा. अंगरखा बाजूला केला आणि तो हात आपल्या पोटावर, त्या तोंडाभोवतीच्या कातडीवर ठेवला. माझ्यामुळं कापला गेला त्या दिवसापासून तो हात तिथं लागला नव्हता.

"कोरडी आहे," प्रेमला म्हणाली.

"कोरडी आहे ना?"

"हो." मग हात न उचलता ती खेकसली, "शिवलात मला. आता परत अंघोळ करावी लागेल."

"नाही करणार," ते म्हणाले. आणि स्ट्रेचर आत गेलं.

शिवण टिकली. गुरुजी पुन्हा गाभाऱ्यात बसतात. पोटावर त्या तोंडाच्या जागी एक पांढरी खूण आहे.

प्रेमलाची बोटं माझ्या कड्यात आता शिरत नाहीत. शिवणाचं काम तिनं सोडलं. मी खिडकीतल्या डब्यात असते, तुटक्या टोकाची, कडेला खाच पडलेली. कापड त्या खाचेत अडकतं. म्हणून मला कुणी घेत नाही; घेतलं तर सुतळी कापायला.

तुमच्या घरात कुणाच्या पोटावर असं तोंड असेल, तर एवढं ऐका. माप एकदा घेऊन खिळ्याला टांगू नका. माणूस वाढतं, आटतं, बसतं, वाकतं; जसं जगतं तसं मापा. चकती हिसकू नका. आणि ज्याची कातडी जळतेय, त्याच्या हाताशी मला ठेवू नका. मी नाही म्हणणार नाही. मला नाही म्हणता येत नाही.